मुंगीच्या मापाचे जग : लिलिपुटचा गलिव्हर आणि जांबचे समर्थ

एखादा सर्वसामान्य माणूस अपघाताने अशा जगात जाऊन पडतो, की जिथे सगळे काही त्याच्याहून कितीतरी लहान आहे, किंवा तो स्वतःच इतका लहान होतो, की गवताचे पाते त्याला झाडाएवढे वाटू लागते. या कल्पनेवर उभारलेल्या साहसकथा जगातल्या अनेक भाषांत लिहिल्या गेल्या आहेत. वास्तवात न घडणाऱ्या गोष्टी घडतात असे एकदा गृहीत धरून, मग मात्र त्या गृहीतकाच्या नियमांना शेवटपर्यंत चिकटून राहणाऱ्या कथेला अद्भुतिका म्हणतात, आणि लघुविश्वाची कादंबरी हा तिचाच एक जुना आणि लेखकाची कसोटी पाहणारा प्रकार आहे. जोनाथन स्विफ्ट या डब्लिनच्या धर्मगुरूने लिहिलेले ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ हे पुस्तक २८ ऑक्टोबर १७२६ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. मराठी वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की त्याआधी किमान चार दशके, आजच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एका समासात मुंगीहूनही लहान जीवांच्या मापाने जग पाहून दाखवले होते. एकाने कथा रचली, दुसऱ्याने केवळ निरूपण केले. तरीही दोन्ही शेजारी ठेवून वाचले असता लघुविश्वाची कथा नेमकी कशाच्या बळावर उभी राहते, हे स्पष्ट होते.

सिद्धी आणि अपघात

आकार बदलण्याची कल्पना भारतीय परंपरेला मुळीच नवी नाही. योगशास्त्रात सांगितलेल्या अष्टसिद्धींपैकी पहिली अणिमा, म्हणजे अणूएवढे सूक्ष्म होण्याची शक्ती, आणि तिच्या जोडीची महिमा, म्हणजे हवे तेवढे मोठे होण्याची शक्ती. समुद्र ओलांडणारा हनुमान सुरसेच्या तोंडात अंगठ्याएवढा होऊन शिरतो आणि बाहेर पडतो, बटू वामन तीन पावलांत त्रैलोक्य व्यापतो, आणि प्रलयकाळी मार्कंडेय ऋषी वडाच्या फांदीवर निजलेल्या बालकाच्या मुखात शिरून तिथे सारे विश्व पाहतो. महाभारताच्या आदिपर्वात तर अंगठ्याएवढ्या वालखिल्य ऋषींचे एक संपूर्ण प्रकरणच आहे. कश्यपाच्या यज्ञासाठी इंद्र डोंगराएवढी लाकडे सहज उचलून नेत असताना, हे इवलेसे ऋषी सगळे मिळून पळसाची एक काडी वाहत होते आणि गाईच्या खुरात साचलेल्या पाण्यात गटांगळ्या खात होते. इंद्र त्यांना हसला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. त्या अपमानाने संतापलेल्या वालखिल्यांनी दुसरा इंद्र निर्माण करण्यासाठी यज्ञ आरंभला, आणि शेवटी कश्यपाच्या मध्यस्थीने पक्ष्यांचा इंद्र म्हणून गरुड जन्माला आला.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. आकार बदलणारा किंवा लहान असूनही जगाला हादरवणारा जो कोणी आहे, तो देव आहे, अवतार आहे किंवा तपस्वी आहे, आणि त्याचे लहान-मोठे होणे हे त्याच्या सामर्थ्याचे लक्षण आहे. आधुनिक लघुविश्वाच्या कादंबरीत नेमका इथेच फरक पडतो. गलिव्हर हा नॉटिंगहॅमशायरमधल्या एका छोट्या जमीनदाराच्या पाच मुलांतला तिसरा मुलगा. शस्त्रवैद्यक शिकून त्याने लंडनमध्ये धंदा मांडला, पण तो चालेना, म्हणून जहाजावरचा डॉक्टर झाला. त्याच्यापाशी सिद्धी नाही आणि शौर्यही बेताचेच आहे. १६९९ साली त्याचे जहाज फुटते, तो पोहत लिलिपुट या बुटक्यांच्या देशाच्या किनाऱ्याला लागतो, गवतावर झोपी जातो, आणि जागा होतो तेव्हा त्याचे हातपाय व केस बारीक दोऱ्यांनी जमिनीला बांधलेले असतात. त्याचे मोठेपण त्याने कमावलेले नसून केवळ जागा बदलल्यामुळे त्याच्या वाट्याला आलेले आहे, आणि पुढच्याच प्रवासात, राक्षसांच्या ब्रॉबडिंगनॅग देशात, तसाच कमावलेला नसलेला लहानपणाही त्याच्या वाट्याला येतो. नायक सामान्य असल्यामुळे वाचक स्वतःला त्याच्या जागी ठेवू शकतो, आणि मग प्रश्न चमत्काराचा उरत नाही, तर ज्या मापाने माणूस स्वतःला मोठा समजतो त्या मापाचाच होतो.

जांबचे समर्थ आणि सूक्ष्म जीव

घनसावंगी तालुक्यातल्या जांब येथे १६०८ साली सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. त्यांच्या दासबोधात २० दशक असून प्रत्येक दशकात १० समास, म्हणजे प्रकरणे, आहेत. त्यांतल्या पंधराव्या दशकाचा आठवा समास सूक्ष्मजीवनिरूपणाचा आहे. रेणूपेक्षाही बारीक किडे असतात, त्यांचे आयुष्य अगदी थोडे असते आणि त्यांची युक्ती-बुद्धीही त्याच बेताची असते, असे सांगून समर्थ पुढे म्हणतात की, डोळ्यांना न दिसणाऱ्या या जीवांनाही अंतःकरण आहे, त्यांच्यापुरते ज्ञान आहे आणि त्यांची इंद्रिये व विषयही आहेत. अशा जीवाला मुंगी ही चालत्या हत्तीएवढी प्रचंड वाटते, आणि त्याचे क्षणभराचे आयुष्यही त्याला उदंड वाटते. ‘मुंगीला मुताचा पूर’ ही लोकांच्या तोंडची म्हणही समर्थांनी याच ओघात वापरली आहे, आणि तिथून पुढे मुंगीपासून चढत्या क्रमाने वाढत जाणाऱ्या शरीरांची मालिका त्यांनी मांडली आहे.

या समासाचे महत्त्व केवळ किड्यांच्या वर्णनात नाही. हॉलंडच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७६ साली स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यात दिसलेल्या सूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, ते साधारण समर्थांच्याच हयातीत. परंतु समर्थांच्या हाती भिंग नव्हते, होती ती केवळ तर्काची शिस्त. लहान जीवाचे जग हे मोठ्याच्या जगाचा अपुरा तुकडा नसून त्या जीवापुरते ते पूर्णच असते, हा त्यांचा सिद्धांत आहे. गंमत अशी, की स्विफ्टलाही याच विचाराने झपाटले होते. १७३३ सालच्या ‘ऑन पोएट्री : अ रॅप्सडी’ या उपरोधिक कवितेत, पिसवेला चावणारी तिच्याहून लहान पिसू आणि तिला चावणारी आणखी लहान पिसू, अशी न संपणारी उतरंड त्याने कवींच्या आपसातल्या हेव्यादाव्यांना लावून दाखवली. समर्थांनी उतरंड मांडली ती सर्व देहांत एकच अंतरात्मा आहे हे पटवण्यासाठी, आणि स्विफ्टने मांडली ती माणसांची हेटाळणी करण्यासाठी. हेतू वेगळे असले, तरी मापाचा काटा दोघांनीही सारखाच हलवला.

बारास एक

लघुविश्वाची कथा विश्वसनीय वाटते ती तिच्यातल्या हिशेबामुळे. स्विफ्टने लिलिपुटसाठी बारास एक हे प्रमाण ठरवले, म्हणजे तिथला माणूस सहा इंचांहून किंचित कमी उंचीचा, आणि झाडे, घोडे, इमारती, भांडी हे सगळे त्याच बेताने लहान. प्रमाण म्हणजे दोन वस्तूंच्या मापांतले ठरावीक नाते. ते एकदा ठरले की लेखकाला मनमानी करता येत नाही. लिलिपुटच्या बादशहाच्या गणितज्ञांनी गलिव्हरची उंची मोजली, ती आपल्या बारापट भरली असे पाहून बाराचा घन केला, आणि त्याला रोज १,७२८ लिलिपुटवासीयांना पुरेल एवढे अन्न द्यावे असे ठरवले. त्याचे सदरे शिवायला शिवणकाम करणाऱ्या बायका आल्या, तेव्हा लांबीखेरीज त्यांनी फक्त अंगठ्याचे माप घेतले, कारण अंगठ्याच्या दोन वेढ्यांएवढे मनगट आणि मनगटाच्या दोन वेढ्यांएवढी मान, असा त्यांचा हिशेब होता.

इथे एक नियम समजून घेणे इष्ट आहे. एखाद्या वस्तूची लांबी बारापट केली, तर तिचे पृष्ठफळ बाराच्या वर्गाने, म्हणजे १४४ पट, आणि आकारमान व वजन बाराच्या घनाने, म्हणजे १,७२८ पट वाढते. याला वर्ग-घन नियम म्हणतात, आणि त्याचे विवेचन गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या जाडीच्या संदर्भात केले होते. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ साली, म्हणजे गलिव्हरच्या बरोबर दोनशे वर्षांनी, योग्य आकाराचे असणे म्हणजे काय यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांनी दाखवून दिले की, राक्षसाची उंची दहापट केली तर वजन हजारपट होते, पण हाडांचा छेद शंभरपटच होतो, म्हणून तो पहिल्याच पावलाला मांडीचे हाड मोडून घेईल. उलट लहान प्राण्याला गुरुत्वाकर्षणाचे भय जवळपास नसते. खोल खाणीत पडलेला उंदीर अंग झटकून चालू लागतो. लहान प्राण्याचा खरा शत्रू म्हणजे पाणी. अंघोळ करून आलेल्या माणसाच्या अंगाला जेमतेम अर्धा किलो पाणी चिकटलेले असते, ओल्या उंदराला स्वतःच्या वजनाएवढे पाणी वाहावे लागते, आणि भिजलेली माशी तर पृष्ठताणाच्या, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरून ठेवणाऱ्या बलाच्या, तावडीत सापडून तिथेच अडकते. मुंगीच्या पुराची म्हण आणि खुराच्या डबक्यात बुडणारे वालखिल्य यांच्यामागे हे भौतिकशास्त्र उभे आहे. ज्यांनी त्या कल्पना रचल्या, त्यांनी किड्या-मुंग्यांकडे नीट पाहिलेले होते.

या शास्त्राच्या कसोटीवर स्विफ्टचा हिशेबही थोडा चुकतो. प्राण्याचे अन्न त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. १९३२ साली माक्स क्लायबर याने दाखवले, की ते वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताने वाढते. त्यानुसार गलिव्हरला १,७२८ ऐवजी सुमारे २७० लिलिपुटवासीयांचे अन्न पुरले असते. म्हणजे बादशहाच्या गणितज्ञांनी राज्याचा खजिना नाहक रिता केला, असे म्हणावे लागेल.

लहान देह, मोठा मान

परंतु माप हे स्विफ्टचे साधन आहे, साध्य नाही. लिलिपुटचा बादशहा दरबारातल्या इतरांपेक्षा गलिव्हरच्या नखाच्या रुंदीएवढा उंच आहे, आणि तेवढ्यावरच पाहणाऱ्यांच्या मनात त्याचा दरारा निर्माण होतो. त्याच्या राज्यात मंत्रिपदे मिळतात ती दोरीवर सर्वांत उंच उडी मारणाऱ्याला. पक्ष पडले आहेत ते बुटांची टाच उंच असावी की बुटकी यावरून. आणि अंडे जाड बाजूने फोडावे की निमुळत्या, या वादात ११ हजार माणसांनी प्राण दिले आहेत. इंग्लंडमधले राजकीय पक्ष, दरबारी लाचारी आणि धर्मपंथांतली युद्धे यांच्यावर हा उघड उपरोध होता, आणि तो बोचला याचे कारण माणसांना सहा इंचांचे केल्यावरही त्यांचा अहंकार मात्र पूर्ण मापाचाच राहिला.

प्राचीन कलेतला संकेत याच्या नेमका उलट आहे. जालना जिल्ह्यातले भोकरदन हे सातवाहन काळातले भोगवर्धन नगर, आणि तिथे १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, जी इटलीतल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जवळचे नाते सांगते. या प्रकारच्या मूर्तींत मधोमध अलंकारांनी नटलेली मुख्य स्त्री असते आणि तिच्या दोन्ही अंगांना, तिच्या कमरेच्या आसपास पोहोचतील एवढ्याच उंचीच्या, दोन परिचारिका उभ्या असतात. त्या मुली वयाने लहान नाहीत. त्यांचा दर्जा लहान आहे म्हणून त्यांचा देह लहान कोरला आहे. आकाराने मान दाखवण्याचा हा संकेत इजिप्तपासून भारतापर्यंत शिल्पकारांनी पाळला, आणि स्विफ्टने बादशहालाच इंचांत मोजून तो मोडून टाकला.

गलिव्हरच्या झडतीचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. दोन अधिकारी त्याच्या खिशांत उतरून प्रत्येक वस्तूची यादी करतात. तपकिरीच्या डबीत उतरलेला अधिकारी पोटरीपर्यंत भुकटीत रुततो आणि दोघेही शिंकून बेजार होतात. खिशातले घड्याळ पाहून ते अंदाज बांधतात, की हा एखादा अज्ञात प्राणी असावा किंवा या माणसाचा देव असावा, आणि देव असण्याचीच शक्यता अधिक, कारण त्याला विचारल्याशिवाय आपण क्वचितच काही करतो असे गलिव्हरनेच त्यांना सांगितले होते. लहान माणसांनी प्रामाणिकपणे केलेल्या या पंचनाम्यात मोठ्या माणसाचे गुपित आपोआप उघडे पडते.

स्विफ्टनंतरचे आणि आपल्याकडचे

स्विफ्टनंतर हा प्रकार अनेकांनी हाताळला, पण टिकले ते बहुधा मापाला जागलेले लेखक. यान लारी या रशियन लेखकाने १९३७ साली कारिक आणि वाल्या या भावंडांना इवलेसे करून किड्यांच्या जगात पाठवले आणि साहसाच्या ओघात कीटकशास्त्र शिकवले. मेरी नॉर्टन यांच्या १९५२ सालच्या ‘द बॉरोअर्स’ या कादंबरीत घराच्या जमिनीखाली राहणारे चिमुकले कुटुंब टीपकागदाचा गालिचा, काडेपेट्यांचे कप्पे आणि पोस्टाच्या तिकिटांची तसबीर वापरून संसार थाटते. सौमित्र रानडे यांच्या ‘जजंतरम ममंतरम’ या २००३ सालच्या हिंदी चित्रपटात गलिव्हरच्याच धर्तीवर एक साधा भारतीय तरुण बुटक्यांच्या बेटावर पोहोचतो.

मराठीत असे लेखन करू पाहणाऱ्याला साहित्य शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यातल्या कापसाच्या शेतात साडेपाच फुटांचा माणूस बाराव्या हिश्श्याने, म्हणजे साडेपाच इंचांचा होऊन उभा राहिला, तर चार फुटांची पऱ्हाटी त्याला ४८ फुटांच्या झाडासारखी वाटेल आणि सेंटिमीटरभराचा मुंगळा त्याच्या पावलांपाशी अर्ध्या फुटाला थोडा कमी भरेल. उन्हाळ्यात काळी माती आकसून पडलेली हातभर खोल आणि पंजाभर रुंद भेग त्याच्या दृष्टीने चार फूट रुंदीची आणि अठरा-वीस फूट खोल दरी होईल. वळवाच्या सरीत भिजला, तर अंगाला चिकटलेले पाणीच त्याच्या वजनाच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याएवढे होईल, म्हणजे साठ किलोच्या माणसाने पाच किलोचे ओझे पाठीवर घ्यावे तसे. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते ती डोळ्यांदेखत पाहणारा हा माणूस शेतकरी असेल, कृषी सहायक असेल किंवा शाळेत जाणारी मुलगी असेल, पण तो सामान्य असणे आणि त्याच्या भोवतीचे प्रमाण न ढळणे, या दोन अटी पाळल्या तरच ती कथा चमत्काराच्या पलीकडे जाईल.

कणसाची कसोटी

गलिव्हरचा दुसरा प्रवास मराठवाड्यातल्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण तो सुरू होतो शेतात. ब्रॉबडिंगनॅगमध्ये कापणीला आलेले पीक ४० फूट उंच आहे, आणि सऱ्यांमधून जीव मुठीत धरून पळणारा गलिव्हर विळे घेतलेल्या मजुरांच्या हाती लागतो. शेतकरी त्याला बाजारांतून, गावोगाव फिरवून पैसे घेऊन दाखवतो, दिवसात इतके खेळ करायला लावतो की तो हाडाचा सापळा होतो, आणि मग हजार मोहरांना राणीला विकून टाकतो. लिलिपुटमध्ये शत्रूचे आरमार ओढून आणणारा तोच माणूस इथे जत्रेतली वस्तू बनतो, आणि त्याच्यात बदललेली असते फक्त तुलना.

या राक्षसांच्या राजाला गलिव्हर आपल्या देशाचा इतिहास आणि तोफांची दारू यांचे कौतुक ऐकवतो. राजा ते ऐकून शहारतो, आणि त्याचा निर्वाळा असा, की जिथे आधी एकच कणीस किंवा गवताचे एकच पाते उगवत होते तिथे दोन उगवून दाखवणारा माणूस, साऱ्या राजकारणी जमातीपेक्षा मानवजातीच्या अधिक उपयोगी पडतो. ही कसोटी १७२६ साली लिहिली गेली. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो, आणि बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. एका बीमध्ये किती कणसे दडलेली आहेत, हा प्रश्न इथल्या लोकांना काल्पनिक नाही.

म्हणून गलिव्हरची पहिली सफर तेवढी मुलांसाठी संक्षिप्त करून छापणे आणि तिथेच थांबणे, यात वाचकाचे नुकसान आहे. लिलिपुटमध्ये मोठा झालेला माणूस ब्रॉबडिंगनॅगमध्ये लहान झालेला पाहिल्याशिवाय स्विफ्टचे म्हणणे पुरे होत नाही, आणि दासबोधाचा पंधराव्या दशकातला आठवा समास त्याच्या जोडीला वाचल्याशिवाय ही दृष्टी आपल्याही मातीत होती हे ध्यानात येत नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या शिक्षकांनी हे दोन पाठ एकत्र शिकवावेत, आणि ज्या विद्यार्थ्याला अशी गोष्ट लिहावीशी वाटेल त्याच्या हाती लेखणीच्या आधी मोजपट्टी द्यावी.